दोन तासांच्या मराठी व्हिडिओतला नेमका मुद्दा कसा शोधावा?

लांब व्याख्यानाचा व्हिडिओ पूर्ण न पाहता, त्यातला हवा तो उल्लेख ब्राउझरमध्येच शोधता येईल का, असे आपण विचारले आहे. येईल, मात्र त्या व्हिडिओचा वेळेसह लिहिलेला मजकूर उपलब्ध असला पाहिजे, कारण ब्राउझर आवाजात शोधत नाही, अक्षरांत शोधतो.

तासगावच्या आमच्या द्राक्ष बागायतदार गटाच्या चर्चासत्रांचे व्हिडिओ मी सांभाळतो. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की 'गेल्या वर्षी डावणीबद्दल (द्राक्षवेलीवरच्या एका रोगाबद्दल) काय सांगितले होते' अशी विचारणा सुरू होते, त्यामुळे ही गरज मला चांगली ठाऊक आहे.

व्हिडिओ यूट्यूबवर असेल आणि त्याला मजकूर जोडलेला असेल, तर वर्णनाचा भाग उघडून 'शो ट्रान्सक्रिप्ट' निवडावे, कंट्रोल-एफ दाबून शब्द शोधावा आणि सापडलेल्या ओळीवर क्लिक करावे. व्हिडिओ त्या क्षणावर जातो. शोधताना सबंध वाक्प्रयोग न देता एकच शब्द द्यावा, कारण वाक्य दोन ओळींत तुटलेले असेल तर ते सापडत नाही.

खरी अडचण मराठीची आहे. 'पाणी' शोधले तर 'पाण्याचा ताण' हाती लागत नाही, कारण विभक्ती लागताना शब्दाचे रूपच बदलते. म्हणून 'पाणी' आणि 'पाण्या' असे दोनदा शोधावे. वक्ता एकदा 'डावणी' आणि एकदा 'डाऊनी' म्हणत असेल, तर तीही दोन्ही रूपे पाहावीत.

व्हिडिओ आपलाच असेल, तर वेबव्हीटीटी स्वरूपाची, म्हणजे प्रत्येक ओळीसोबत तिची वेळ असलेली, मजकूर फाइल तयार करून ती एचटीएमएलच्या (वेबपान लिहिण्याच्या भाषेच्या) ट्रॅक टॅगने व्हिडिओला जोडावी. या फाइलमधील वेळ इंग्रजी अंकांतच (0 ते 9) लिहावी लागते आणि सेकंदांनंतर, मिलिसेकंदांच्या आधी, पूर्णविराम द्यावा लागतो. एसआरटी या उपशीर्षकांच्या दुसऱ्या प्रचलित स्वरूपाच्या फाइलमध्ये तिथे स्वल्पविराम असतो, त्यामुळे नुसते फाइलचे नाव बदलून भागत नाही. ट्रॅकने चित्रावर उमटणारी अक्षरे कंट्रोल-एफला सापडत नाहीत, म्हणून मी ट्रॅकचा मोड 'हिडन' (ओळी वाचल्या जातात, पण चित्रावर दिसत नाहीत) ठेवून सर्व ओळी व्हिडिओखाली यादीसारख्या मांडतो आणि शोधाची चौकटही स्वतःच देतो. तिथे साधी अक्षरतुलना असल्याने 'पाण' एवढे लिहिले तरी दोन्ही रूपे मिळतात.

एका गोष्टीने मात्र मला बराच काळ चकवले. 'फवाऱ्या' हा शब्द फाइलमध्ये डोळ्यांना दिसत होता, पण शोधात येत नव्हता. त्यातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो: काही कळफलक ऱ आणि हलन्त वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. दिसायला दोन्ही सारखे असले तरी संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोड या अक्षरसंकेत पद्धतीच्या नेहमीच्या प्रमाणीकरणानेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्यानेही) ते एक होत नाहीत. त्यामुळे तुलना करण्यापूर्वी फाइलमधील मजकूर आणि शोधशब्द या दोहोंत दुसरे रूप पहिल्यात बदलून घ्यावे.

क्लिक केल्यावर व्हिडिओ ओळीच्या वेळेच्या पाच सेकंद आधीपासून सुरू होईल, असे मी ठेवले आहे; नाहीतर 'हे अजिबात करू नका' एवढेच ऐकू येते आणि कशाबद्दल, ते मागे राहून जाते.