अल्सर परत परत येतोय? जंतूची टेस्ट झालीये का ते आधी विचारा

दादा, तुम्ही लिहिलंय की बाबांना दोन वर्षांत तिसऱ्यांदा पोटात अल्सर, म्हणजे आतल्या अस्तराला जखम, झालाय, पँटोप्राझोल ही अ‍ॅसिड कमी करणारी गोळी चालू तोवर बरं, बंद केली की महिन्याभरात पुन्हा तेच, आणि घरचे सगळे मालवणी मसाल्याला दोष देतायत. तिखटाने जळजळ वाढते, पण अल्सर असा परत परत उभा राहतो त्याचं कारण बरेचदा एच. पायलोरी नावाचा जंतू असतो.

आमच्या ह्यांचं असंच होतं. रात्री दोनच्या सुमारास पोट जळून उठायचे, अंधारातच टोपातली गार पेज प्यायची की तासभर शांत. कोकम, जिरं, ओवा सगळं करून झालं, शेवटी रत्नागिरीला दुर्बीण घातली, आतला बारीक तुकडा काढून तपासला तेव्हा जंतू निघाला. हा जंतू युरिया फोडून अमोनिया तयार करतो, त्याने आजूबाजूचं अ‍ॅसिड मारतो आणि पोटाच्या चिकट अस्तरात मजेत राहतो. गोळीने अ‍ॅसिड कमी होऊन जखम भरते, जंतू तिथेच.

पूर्वी डॉक्टरसुद्धा टेन्शनच म्हणायचे. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या वॉरन आणि मार्शल ह्या दोन डॉक्टरांनी १९८२ मध्ये हा जंतू लॅबमध्ये वाढवला तरी कोणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतः तो प्यायले आणि त्यांच्या पोटाला सूज आली. २००५ ला दोघांना नोबेल मिळालं.

आता महत्त्वाचं. कोर्स साधारण १४ दिवसांचा, दोन अँटिबायोटिक आणि अ‍ॅसिडची गोळी, कधी बिस्मथ नावाचं पोटाचं औषध पण. ह्यांनी सहाव्या दिवशी सोडला, तोंडाला सारखी लोखंड चाटल्यासारखी चव येते म्हणून, आणि जंतू राहिला, दुसऱ्यांदा औषधं बदलून द्यावी लागली कारण अर्धवट कोर्सने जंतू औषधाला दाद देईनासा होतो. बाबांना तसं करू देऊ नका प्लीज. बिस्मथने शौचाला काळं होतं, ते चालतं, पण बिस्मथ किंवा लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखं काळं झालं तर आत रक्त जातंय समजा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची टेस्ट परत करायचीच, त्याआधी दोन आठवडे अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांना विचारून बंद, नाहीतर जंतू असून रिपोर्ट निगेटिव्ह येतो. रक्ताच्या टेस्टवर जाऊ नका, ती जंतू गेल्यावरही कितीतरी महिने पॉझिटिव्ह दाखवते.

आणि बाबा गुडघ्यांसाठी पेनकिलर घेतात का? त्यानेही अल्सर होतो, घेत असतील तर ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.