आधी सांगा, ते पाकीट घरात कधी आलं?

चाकणहून एका वाचकाने लिहिलंय. वय ३४, ऑटो पार्ट्सच्या कंपनीत ठेकेदारामार्फत क्वालिटीला, सात महिने काम मग ब्रेक, मग नवा ठेकेदार नवा गेटपास. वडिलांच्या ऑपरेशनला क्रेडिट कार्ड घासलं ६२,००० ला, पुढे दीड वर्ष मिनिमम ड्यू भरत राहिले, काम सुटलं तसं तेही थांबलं. आता लवादाचा, म्हणजे कोर्टाबाहेर वाद मिटवायला नेमलेल्या पंचाचा, निवाडा आलाय, १,९४,००० आणि वर १८ टक्के व्याज. प्रश्न चार आहेत. जेल होईल का, आईच्या नावावरचं घर जाईल का, नव्या कंपनीत पत्र जाईल का, आणि रिकव्हरीवाला म्हणतोय २६ डिसेंबरपर्यंत ९५,००० भरा, फाईल बंद करतो, तर पीएफ काढून भरू का.

आकडे थोडे बदलले तर हेच पत्र मला दर पंधरा दिवसांनी येतं. मिनिमम ड्यूने मुद्दल का हलत नाही, महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला किती, हे मी परत सांगत बसत नाही, ते तुम्ही भोगलंय. तुमच्या चारही प्रश्नांच्या आधी एक प्रश्न आहे जो तुम्ही विचारलाच नाहीत, आणि सगळं त्याच्यावर अडलंय. तो निवाडा तुमच्या घरात कोणत्या तारखेला आला?

तुमच्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलंय. रजिस्टर एडीचं पाकीट आईने सही करून घेतलं, "हरतालिकेच्या चार दिवस आधी", म्हणजे २२ ऑगस्ट. तुम्ही तेव्हा वाळूजला होतात, दिवाळीला घरी आल्यावर आईने पाकीट हातात दिलं, तुम्ही ते कपाटावर ठेवलंत आणि उघडलंत ३० नोव्हेंबरला. आज ४ डिसेंबर.

आता मोजा. लवाद कायदा १९९६, कलम ३४, पोटकलम ३. निवाडा रद्द करून मागायचा तर तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत कोर्टात अर्ज करायचा. सबळ कारण असेल तर कोर्ट वर ३० दिवस देऊ शकतं, आणि पुढे कायद्यात लिहिलंय की त्यानंतर नाही. म्हणजे खरंच नाही. सुप्रीम कोर्टाने २००१ पासून हे पुन्हा पुन्हा सांगितलंय की इथे उशीर माफ करणारं मुदत कायद्याचं कलम ५ चालत नाही, कितीही खरी अडचण असू द्या. तुमचे तीन महिने २२ नोव्हेंबरला संपले. वरचे ३० दिवस २२ डिसेंबरला संपतात, तुमच्याकडे १८ दिवस आहेत. आणि हे ३० दिवस सुट्टीत संपले तर कोर्ट उघडल्यावर अर्ज चालेल असं समजू नका, त्या सवलतीला या ३० दिवसांत जागा नाही.

मला राग आला ते सांगते. दिवाळीत पाकीट हातात आलं तेव्हा पूर्ण महिना शिल्लक होता, तेव्हा आला असतात तर उशिराची माफी मागायचीच वेळ आली नसती. त्याआधी वर्षभर व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर लवादाच्या नोटिसा येत होत्या, सुनावणीची लिंक येत होती, तुम्ही "फ्रॉड असेल" म्हणून नंबर ब्लॉक केलात. फ्रॉडही असतात, मान्य, पण त्यात तुमच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे होते, एकदा बँकेत फोन करून विचारता आलं असतं. भीतीने पाकीट न उघडणं मी समजू शकते. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी एक टेम्पोवाले आले होते, पाकीट अजून चिकटवलेलंच, उघडून तारीख मोजली तर मुदत संपून नऊ दिवस झालेले. त्यांचा मुद्दा तुमच्याइतकाच चांगला होता. तरीही अर्ज केला, कोर्टाने फक्त तारखा पाहिल्या आणि पाच मिनिटांत तो फेटाळला, मुद्दा ऐकायची वेळच आली नाही.

तुमचा मुद्दा चांगला का म्हणते? तुम्ही पाठवलेल्या पहिल्या पानाच्या फोटोत तिसऱ्या परिच्छेदात आहे की बँकेने अमुक तारखेच्या पत्राने लवादाची नेमणूक केली. बँकेने, एकटीने, तुम्हाला न विचारता. २०१५ च्या दुरुस्तीनंतर लवाद कायद्यात कलम १२ चं पोटकलम ५ आलं आणि २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमनच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्याचा वादाच्या निकालात स्वार्थ आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमायचा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानेही लवाद नेमताना दोन्ही बाजूंना समान वागणूक हवी हेच धरून ठेवलं. वाद सुरू झाल्यानंतर तुम्ही लेखी संमती दिली असेल तरच हा मुद्दा जातो, आणि तुम्ही तर एका कागदावरही सही केलेली नाही असं म्हणताय. तसं असेल तर निवाडा टिकणं अवघड आहे. अवघड म्हणतेय, अशक्य नाही, कारण बँकेची फाईल मी पाहिलेली नाही, आणि कार्ड घेताना किंवा नंतर ॲपवर तुम्ही कशाकशाला "ओके" केलंय ते तुम्हालाच आठवत नसणार.

काही कोर्टांनी हा मुद्दा पुढे वसुलीच्या दरखास्तीतही, म्हणजे निवाड्याची अंमलबजावणी मागणाऱ्या बँकेच्या अर्जातही, ऐकलाय. त्या आशेवर २२ तारीख घालवू नका. आणखी दोन गोष्टी कोणी ना कोणी तुमच्या कानावर घालेल. एक म्हणजे आईला मिळालं म्हणजे तुम्हाला मिळालं नाही. दुसरी म्हणजे निवाड्याची सही केलेली प्रत मिळाली तरच मुदत सुरू होते, हे महाराष्ट्र शासन विरुद्ध एआरके बिल्डर्स या २०११ च्या निकालात आहे आणि बरोबर आहे. पण तुमच्या शेवटच्या पानाच्या फोटोत निळ्या शाईची सही मला दिसतेय. झेरॉक्सवरची असेल तर वेगळं, मूळ कागद हातात धरून उलट बाजूला पेनाचा दाब लागतोय का बघा. आणि आईचा मुद्दा अर्जात जरूर लिहा, पण तारीख मोजताना २२ ऑगस्टच धरा. घरातल्या मोठ्या माणसाने घेतलेलं पत्र पोचलं नाही असं कोर्टाला पटवणं कठीण जातं.

आता उशिराचं कारण. वाळूजला कामावर होतो हे चालेल, त्याची हजेरी, पगाराची स्लिप, खोलीच्या भाड्याची पावती, जे असेल ते जोडा. दिवाळी ते २२ नोव्हेंबर तुम्ही घरीच होतात, तो काळ अवघड आहे. तिथे खरं लिहा, काम गेलेलं, ठेकेदाराकडे पगार अडकलेला, वकील करायला पैसे नव्हते. कोणी सांगेल डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतो पाचशे रुपयांत, ते अजिबात करू नका, शपथपत्रावर खोटं गेलं की चांगला मुद्दाही मातीत जातो.

अर्ज कुठे करायचा हे निवाड्यातच असतं, लवादाचं ठिकाण म्हणून. तुमच्या फोटोत नेमकी ती ओळ कापली गेलीय. पुणे असेल तर शिवाजीनगरला जिल्हा न्यायालय. मुंबई किंवा चेन्नई असेल, बँकांच्या करारात अशी ठिकाणं असतात, तर साधारणपणे तिथल्याच कोर्टात जावं लागतं, आणि मग १८ दिवस फारच कमी आहेत, म्हणून ती ओळ आज रात्री वाचा. अर्जाआधी बँकेला नोटीस द्यायची असते तीही याच दिवसांत. आणि नुसता अर्ज केल्याने वसुली थांबत नाही, २०१५ पासून स्थगितीचा अर्ज वेगळा करावा लागतो, कोर्ट काही रक्कम भरायला सांगू शकतं, किती ते आत्ता कोणी सांगू शकणार नाही.

रिकव्हरीवाल्याने दिलेली तारीख बघा, २६ डिसेंबर. तुमची मुदत संपते २२ ला. मुद्दाम असेल किंवा नसेल, मला माहीत नाही, पण परिणाम एकच आहे. सेटलमेंटची बोलणी चालू आहेत म्हणून कलम ३४ ची मुदत थांबत नाही, आणि २३ तारखेला तुमच्या हातात बोलायला काही उरत नाही. अर्ज दाखल झाला की मग बोला, तेव्हा बँकेलाही घाई असते.

आणि तुमच्यासारख्या ब्रेकवाल्या नोकरीत सेटलमेंटच्या पत्रातलं एक वाक्य फार महत्त्वाचं, एक हप्ता चुकला तर सवलत रद्द, भरलेले पैसे मूळ थकबाकीत वळते. मागच्या वर्षी एका बाईंनी सहापैकी चार हप्ते भरले, मार्चमध्ये त्यांची शाळेची कंत्राटी नोकरी संपली, पाचवा चुकला आणि बँकेने पूर्ण रक्कम परत उभी केली. तुम्ही हप्ता ठरवताना काम असलेल्या महिन्याचा पगार धरू नका, ब्रेकच्या महिन्यात डिलिव्हरी करून किंवा कशानेही हातात जे येतं त्यातून निघेल तेवढाच धरा, आणि दोन चुकलेल्या हप्त्यांना महिनाभराची सवलत पत्रात लिहून मागा. देतीलच असं नाही. पत्र बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत ईमेलवरून हवं, एजंटच्या व्हॉट्सॲपवरचं नको, पैसे फक्त कार्डाच्या खात्यात, एजंटच्या यूपीआयवर एक रुपया नाही.

पीएफ काढू नका. पीएफच्या रकमेला जप्ती लागत नाही, पीएफचा कायदा आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० दोन्ही तसं सांगतात. एकदा काढून बचत खात्यात टाकलीत की संरक्षण राहतं का यावर भांडावं लागतं. ज्या पैशाला कोर्ट हात लावू शकत नाही तो तुम्ही आपण होऊन, आणि तोही टिकेल की नाही माहीत नसलेल्या निवाड्यासाठी, का देताय?

बाकीच्या प्रश्नांना थोडक्यात. जेल, कार्डाची बाकी राहिली म्हणून नाही. दिवाणी कैदेची तरतूद आहे पण ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्यासाठी, सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच सांगितलंय की गरिबीमुळे न देणाऱ्याला त्यात टाकता येत नाही. मात्र बँकेला कोरे चेक दिले होतेत का, किंवा खात्यातून आपोआप हप्ता कापायचा मॅन्डेट दिला होता का? तो बाऊन्स झाला असेल तर ते फौजदारी प्रकरण होऊ शकतं, तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, कळवा. घर आईच्या नावावर आहे आणि पैसाही त्यांचाच लागलाय तर तुमच्या कर्जात ते येत नाही. घरातली भांडी, अंथरूण-पांघरूण, बायकोचं मंगळसूत्र याला जप्ती नाही, एजंट दारात येऊन टीव्ही उचलतो म्हणाला तर त्याला तसा अधिकारच नाही, कोर्टाचा बेलीफ वेगळा आणि हा माणूस वेगळा. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन रिझर्व्ह बँकेने बंद केलेत, आईला आणि मेहुण्याला फोन करून बदनामी करणंही चालत नाही, रेकॉर्डिंग ठेवा आणि आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसांत दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

नव्या कंपनीत पत्र जाऊ शकतं, पण कोर्टाच्या पगार जप्तीच्या आदेशानेच. तुमचा पगार १८,००० धरला तर पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून महिन्याला ५,६६६ च्या आसपास कापता येतात, त्याहून जास्त नाही. मजुरांच्या मजुरीला तर जप्तीच लागत नाही, तुमचं क्वालिटीचं काम त्यात बसतं का यावर वाद होईल, मी आत्ता हो म्हणणार नाही. कार्ड ज्या बँकेचं आहे तिथेच पगाराचं खातं असेल तर ते दुसरीकडे न्या, करारात असेल तर बँक खात्यातून परस्पर वळते करून घेते.

एक समज मोडून काढते कारण तुमच्या मित्राने तो दिलाय, की "कोर्टात दहा वर्षं काही होत नाही". दरखास्ती रेंगाळतात हे खरंय, तारखेमागून तारीख पडते, मी स्वतः त्या व्हरांड्यात आयुष्याची वर्षं घालवलीत आणि मला त्याचा संताप आहे. पण त्या प्रत्येक वर्षाला तुमच्या १,९४,००० वर १८ टक्क्यांनी साधारण ३५,००० चढतात, बँकेचं त्यात काही जात नाही. आणि निवाडा रद्द झाला तरी कर्ज पुसलं जात नाही हेही ऐकून ठेवा, बँक नव्याने, नीट लवाद नेमून येऊ शकते. मिळतो तो वेळ, आणि व्याज-दंड कसा लावला ते बघायची संधी. न भरलेल्या चार्जेसवर व्याज चढवायचं नाही असं रिझर्व्ह बँकेचे निर्देश २०२२ पासून सांगतात, तुमच्या स्टेटमेंटमध्ये ते झालंय का हे मी कागद बघितल्याशिवाय सांगू शकत नाही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणालात. विधी सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. ठेक्यावरचे आहात म्हणून कोणी अडवलं तर गेटपास आणि यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, दाखवा, तरी नाही म्हणाले तर उत्पन्नाच्या आधारावर अर्ज द्या. १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या नंबरवर फोन करा किंवा उद्या शुक्रवारी सकाळी शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसला जा, "कलम ३४, २२ डिसेंबर शेवटचा दिवस" हे अर्जाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर तोही अर्ज रांगेत बसेल. पाकीट फेकलं नाहीत ना? त्यावरचा बारकोडचा स्टिकर, आर ने सुरू होणारा नंबर, तो टाकून पोस्टाच्या साईटवरून पोच कधीची आहे त्याचं प्रिंट आजच काढा, ही माहिती कायम दिसत राहत नाही. आईने सही केली तो दिवस २२ च्या ऐवजी २१ निघाला तर तुमचे १८ दिवस १७ होतात, तेवढं मला लगेच कळवा.