आजेसासूबाईंच्या ओव्या कोणी शिकवायच्या?

प्रश्न : ताई, माझी अकरा वर्षांची नात मोबाइलवर सोना जोबार्ते या आफ्रिकन गायिकेची गाणी सारखी ऐकते. ते भोपळ्याचं वाद्य कुठलं? परवा नात म्हणाली, ‘तिला तिच्या घरची गाणी येतात. आपल्या घरची कुठे आहेत?’ आजेसासूबाईंच्या चाळीसेक ओव्या मला येतात, पण गळा बेसूर. मी शिकवू, की क्लास लावू?
– एक आजी, शिंदे की छावणी, ग्वाल्हेर

उत्तर : तुमच्या नातीचा प्रश्न वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते.

ते वाद्य म्हणजे कोरा. अर्ध्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणलेलं आणि २१ तारा. तीन-तीन बोटांनी दोन दांड्या धरायच्या, वाजवायचं फक्त अंगठ्यांनी आणि तर्जनींनी. तिचे अंगठे नीट बघा, खर्जाचं सगळं काम तेच करतात.

पश्चिम आफ्रिकेतल्या मांडिंका लोकांत वंशावळी आणि इतिहास गाऊन सांगणारी घराणी असतात, सोना त्यांतली. कोरा बापाने मुलाला द्यायचा, बायकांनी गायचं, अशी तिथली रीत. लंडनमध्ये जन्मलेल्या सोनाला मात्र चौथ्या वर्षी भावाने कोरा शिकवायला घेतला, पुढे वडिलांनी शिकवलं. २०१५मध्ये तिने गांबिया या तिथल्या देशात शाळा काढली. तिथे मुलं शाळेचा अभ्यास करतात आणि आपल्या मातीतलं संगीतही शिकतात. ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव पंडितांनी १९१४मध्ये आपल्या गावात घरची गायकी वर्गात आणली, त्या ग्वाल्हेरकरांना हे वेगळं सांगायला नको.

क्लास जरूर लावा, पण ओव्या तुम्हीच शिकवा. माझी आत्या दळताना गायची. जातं फिरतंय तोवर शब्द, आणि खुंटा अंगाशी आला की लांबवलेला एक ‘गं’. तो कागदावर उतरवून पाहिला मी, नुसतं अक्षर उरलं. आत्या गेली तेव्हा माझ्याकडे तीनच ओव्या होत्या. बाकीच्या मी मागितल्याच नव्हत्या, आणि ते आजही सलतं. तिचा गळाही काही मैफलीचा नव्हता हो!

रोज एकच ओवी म्हणा. नातीला मध्येच अडवू द्या, ‘कुरवंडी म्हणजे काय?’ विचारू द्या. मोबाइलवर ती तुमचा आवाज भरून ठेवेल, तेही करू द्या, पण आधी तिच्या तोंडून म्हणवून घ्या. आणि जातं माळ्यावर असेल तर खाली उतरवा, मूठभर गहू पुरतील. खुंटा सैल झाला असेल तर चिंधी गुंडाळून ठोकून बसवा.