आधी पोटोबा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी जाताना तू गराजच्या दारात थबकलीस आणि विचारलंस, "काका, घेऊ का नको?" मी मात्र उगाच इकडचं तिकडचं बोलत बसलो. सुपरचार्जरच्या, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंपाच्या, त्या सेकंडहँड किटचे फोटो तू ज्या डोळ्यांनी दाखवलेस, ते डोळे माझ्या ओळखीचे आहेत. म्हणून लिहितोय. घेऊ नको असं मी म्हणणार नाही. माझ्या मियाटावर, माझदाच्या त्या छोट्या स्पोर्ट्स कारवर, सुपरचार्जर आहे आणि तो मी काढणार नाही, काकू काहीही म्हणो. पण आधी पोटोबा, मग विठोबा. आधी पेट्रोल, मग हवा.

तुझीही मियाटाच, 1990 ची. 1.6 लिटरचं इंजिन, नवीन असताना 116 हॉर्सपॉवर, आणि पेट्रोल फवारणारे इंजेक्टरही तेवढ्याच भुकेच्या मापाचे. तू तिच्यात 6 पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाने हवा कोंबणार. बाहेरचा दाब 14.7, म्हणजे आत चाळीस टक्के जास्त. हवा तापून विरळ होते, त्यामुळे भरते जरा कमी, पण हिशेब चाळीसचाच धर. तेवढं पेट्रोल कोण वाढणार? आत जाणारी हवा मोजणाऱ्या तुझ्या एअरफ्लो मीटरमध्ये स्प्रिंगचं एक झापड आहे, हवा ढकलेल तसं ते उघडतं. पूर्ण उघडलं की संपलं. त्यापुढे कितीही हवा गेली तरी कॉम्प्युटरला पत्ता नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर सांगेल म्हणशील, तर फुल थ्रॉटलला कॉम्प्युटर त्याचं ऐकतच नाही. शिवाय त्या सेन्सरला एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा, याच्या आसपासचंच प्रमाण कळतं. (दाबाचा आकडाही 14.7, हा निव्वळ योगायोग.) बूस्टमध्ये, म्हणजे या जादा दाबावर, तुला साडेअकरा-बारा लागणार, आणि ते दाखवतो फक्त वाइडबँड सेन्सर. तो आधी घे. आहे त्या इंजिनवर बसव, महिनाभर बघ, मग किटचं बोल.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. जुलैचा महिना, आय-75, फ्लिंट मागे पडलेलं. मी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला होता. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा नॉकचा, म्हणजे पेट्रोल भलत्या वेळी भडकल्याचा, आवाज येत होता आणि मी रेडिओ मोठा केला. मग आरशात निळा धूर. घरी आणून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, घेतलं: 170, 175, 60, 170. तिसऱ्या पिस्टनची दोन रिंगांमधली कड मोडली होती, नखाएवढा तुकडा. तो पिस्टन अजून माझ्या टेबलावर आहे, त्याखाली बिलं ठेवतो.

तेव्हा वाइडबँड महाग होते, हे मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. खोटं नाही, होतेच महाग. पण त्याच महिन्यात मी नवीन रिम्स घेतल्या होत्या, हे कुणाला सांगत नाही. आणि किट विकणाऱ्याने "सोबत सगळं आहे" असं छातीठोकपणे सांगितलं, तर माणूस विश्वास ठेवणारच ना? मी इंजिनिअर असलो म्हणून काय झालं?

असो.

टायमिंगबद्दल, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याआधी ठिणगी किती अंश पडते त्याबद्दल, तर मला रागच आला. कुणीतरी सांगितलं म्हणून तू इंजिनच्या मागचा सेन्सर फिरवून ते 14 अंशांवर नेलंयस. आत्ता ठीक आहे, मजा येते. बूस्टवर तेच तुझं इंजिन खाईल. तुझ्या गाडीला नॉक सेन्सर नाही, ओरडणारं कुणी नाही. त्या मागच्या सेन्सरचा 12 मिलिमीटरचा बोल्ट ढिला कर, टायमिंग लाइट लाव, 10 वर आण. बूस्ट आल्यावर आणखी मागे घेण्याची सोय लागेल, ती या कॉम्प्युटरला जमत नाही. त्यालाही पैसे बाजूला ठेव. या किटमधला सुपरचार्जर म्हणजे रूट्सचा ब्लोअर. तो स्वतःच्या आत हवा दाबत नाही, नुसती पुढे ढकलतो. शेजारच्या इंडियानातल्या दोन रूट्स भावांचं 1860 चं पेटंट, मोटारींच्या आधीचं. त्यातून 27 अंश सेल्सिअसची हवा बाहेर पडते ती ऐंशीच्या घरात. एवढ्या गरम हवेला टायमिंग पुढे नेऊन चालत नाही.

एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा टर्बो बरा की हा सुपरचार्जर, यात पडू नकोस. ज्यांना वळणातून निघताना लगेच ताकद हवी ते हा घेतात. तुला तीच हवी आहे, मी तुझ्या बाजूला बसलो आहे.

तू म्हणशील, काका इंजेक्टर, वाइडबँड, कॉम्प्युटर सांगताहेत, म्हणजे किटपेक्षा खर्च जास्त. हो, जास्तच. पगार पुरत नसेल तर किट पुढच्या वर्षी घे. विकणारा घाई करतोय? करू दे. तुझ्या जागी मी असतो तर ऐकलं असतं का, असं विचारू नकोस.

येत्या शनिवारी गाडी चालवून गरम करूनच आण. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेऊ, टेस्टर माझ्याकडे आहे. आणि तुझ्या रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळ्याची हिरवट-तपकिरी झाली आहे, पाहिलंस का? ती कधीही फुटेल. येतानाच नवीन रेडिएटर घेऊन ये.

तुझा,
काका