बल लंब दिशेने असेल तर वस्तू वर्तुळात का फिरते? तिची चाल का वाढत नाही?

बल वेगाला कायम काटकोनात असेल तर ते वस्तूला ना पुढे ढकलतं ना मागे ओढतं, नुसतं वळवतं. आणि हे वळवणं सतत एकसारखं चालू राहिलं की मार्ग वर्तुळ होतो. न्यूटनचा दुसरा नियमच तसा आहे: वेगातला बदल बलाच्या दिशेने होतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक घ्या. साधारण 400 किमी उंचीवर ते सेकंदाला सुमारे 7.66 किमी आडवं जातं आणि तेवढ्यात पृथ्वीकडे जेमतेम 4.3 मीटर पडतं. त्याची जवळपास वर्तुळाकार कक्षाही तेवढ्या अंतरात सरळ रेषेपासून तितकीच खाली वळते. मग हा पडण्याचा वेग साठत का नाही? खरी गोम इथेच आहे (आणि बहुतेक जण इथेच अडखळतात): स्थानक पुढे सरकलं की गुरुत्वाकर्षणाची दिशाही बदलते, त्यामुळे बल दर क्षणी पुन्हा लंबच. अशा बलाचं कार्य (म्हणजे त्याने वस्तूला दिलेली ऊर्जा) शून्य, म्हणून गतिज ऊर्जा आहे तेवढीच. मात्र मार्ग वर्तुळ व्हायला नुसतं लंब असणं पुरत नाही. बलाचं परिमाण स्थिर हवं आणि गती एकाच प्रतलात हवी. एकसमान चुंबकीय क्षेत्रात तिरका शिरलेला इलेक्ट्रॉन, बल कायम लंब असूनही, मळसूत्री मार्गाने पुढे जातो.