घरच्या वर्कशॉपसाठी एसी आणि हीटर वेगवेगळे घ्यावेत का? वर पत्रा आहे, काम लाकडाचं.

वेगवेगळे नकोत. हॉट अँड कोल्ड प्रकारचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी घ्या, एकाच यंत्रात दोन्ही होतं. साधा कॉइलचा हीटर १ युनिट विजेतून १ युनिटच उष्णता देतो. हा एसी बाहेरच्या हवेतली उष्णता आत खेचतो, त्यामुळे हवा फार गोठवणारी नसेल तर तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट उष्णता मिळते.

पण आधी पत्र्याचं बघा. तापलेल्या पत्र्याखाली कितीही टनाचा एसी लावा, तो धापाच टाकणार. पत्र्याखाली ५० मिमी इन्सुलेशन आणि त्याखाली फॉल्स सीलिंग करा, दाराखालची फट रबराच्या पट्टीने बंद करा. बहुतेकांचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

कूलर मात्र लाकडाच्या कामाला नकोच. हवेत ओल वाढते, फळ्या फुगतात आणि रंध्याच्या पात्यावर तांबूस गंज धरतो (माझ्या पात्यावर एका उन्हाळ्यात धरला होता). ज्योतीचा गॅस हीटरही टाळा. तोही आत वाफ सोडतो, शिवाय बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका, आणि थिनर किंवा भुसा उडत असेल तर विषयच संपला.

एसीचा फिल्टर दर आठवड्याला धुवा. भुशाने तो गच्च भरतो आणि मग लोक ‘गॅस संपला’ म्हणून मेकॅनिकला बोलावतात!