नवी ४ टीबी हार्ड डिस्क बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) दिसते, पण विंडोजमध्ये दिसत नाही. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात परत नेऊ का?

परत नेण्याची घाई करू नका. बायोसमध्ये डिस्कचे नाव येत असेल, तर साटा केबल (माहितीची ने-आण करणारी) आणि वीजपुरवठ्याची केबल बहुधा व्यवस्थित बसलेल्या आहेत व राहिले आहे ते केवळ डिस्कवर पार्टिशन (वापरायचा विभाग) करण्याचे काम. याच रस्त्यावर संगणक जोडून देण्याच्या माझ्या व्यवसायात ही तक्रार नेहमीची आहे, कारण आत बसवायची नवी डिस्क बहुधा कोरीच विकली जाते आणि कोऱ्या डिस्कला विंडोज ड्राइव्हचे अक्षर देत नाही. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. डिस्क इनिशियलाइझ (वापरासाठी तयार) करण्याविषयी विचारणा होईल, तेव्हा जीपीटी ही विभागांची नोंद ठेवण्याची नवी पद्धतच निवडा. एमबीआर ही जुनी पद्धत निवडल्यास साधारण २ टीबीपलीकडची जागा वापरता येत नाही, म्हणजे जवळजवळ निम्मे पैसे पाण्यात. त्यानंतर काळ्या पट्टीखालील ‘अनअलोकेटेड’ जागेवर राइट क्लिक करून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ घ्यावे आणि एनटीएफएस या विंडोजच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीत क्विक फॉरमॅट करावे. क्षमता सुमारे ३.६ टीबी दिसेल. त्यावरून दुकानदाराशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही, कारण उत्पादक १००० च्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. मात्र डिस्क जुन्या संगणकातून काढलेली असून तिच्यात माहिती असेल, तर इनिशियलाइझ किंवा फॉरमॅट यांपैकी काहीही करू नये. तिच्यापुढे ‘ऑफलाइन’ असे लिहिलेले असल्यास राइट क्लिक करून ‘ऑनलाइन’ निवडावे, तेवढ्यानेही जुन्या फाइल दिसू शकतात.